मूल्यनिर्णय आणि वर्णन : शिकागोतील दोन चित्रपट-समीक्षकांचा मतभेद

चित्रपट-समीक्षेकडे सामान्य वाचक प्रामुख्याने एका अपेक्षेने पाहतो : चित्रपट पाहावा की पाहू नये, एवढे समीक्षकाने सांगावे. साहित्यसमीक्षेवर या अपेक्षेचे ओझे तुलनेने कमी असते. कादंबरीचे परीक्षण प्रसिद्ध झाल्यानंतरही ते पुस्तक दुकानात किंवा ग्रंथालयात राहते. चित्रपट मात्र शुक्रवारी लागतो आणि परदेशी भाषेतील असेल तर पुष्कळदा पुढच्या गुरुवारी उतरतोही. त्यामुळे चित्रपट-समीक्षकाचा निर्णय तातडीचा असतो, तो थोडक्यात मागितला जातो, आणि तारांकनाच्या रूपाने तो इतका आकुंचित होतो की त्यामागची विचारप्रक्रिया वाचण्याची गरजच कोणाला भासू नये. परंतु दहा-वीस वर्षांनंतर तेच परीक्षण पुन्हा वाचले असता वेगळीच गोष्ट ध्यानात येते. निर्णय शिळा झालेला असतो. टिकून राहिलेले असते ते वर्णन. समीक्षकाने पडद्यावर नेमके काय पाहिले, कोणत्या क्षणी त्याचे लक्ष उडाले, कशाची वाट पाहिली आणि ते न मिळाल्यामुळे त्याचे काय झाले, याची नोंद प्रामाणिक असेल तर चुकीच्या निर्णयाचे परीक्षणही वाचकाच्या उपयोगी पडते. शिकागो शहरातील रॉजर एबर्ट आणि जोनाथन रोझेनबॉम या दोन समीक्षकांमधील मतभेद या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

रॉजर एबर्ट (1942–2013) हे 1967 पासून मृत्यूपर्यंत 'शिकागो सन-टाइम्स' या दैनिकाचे चित्रपट-समीक्षक होते. समीक्षेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळवणारे ते पहिले चित्रपट-समीक्षक (1975). तथापि त्यांची व्यापक ख्याती झाली ती दूरचित्रवाणीमुळे. जीन सिस्केल या प्रतिस्पर्धी दैनिकाच्या समीक्षकाबरोबर त्यांनी चालवलेल्या कार्यक्रमात अंगठा वर किंवा खाली करून निकाल दिला जाई. समीक्षेचा याहून संक्षिप्त प्रकार कल्पिणे कठीण आहे. अभ्यासकांनी या अंगठ्याची पुष्कळ टवाळी केली. पण ज्या माणसाचा तो अंगठा होता त्याने 1996 पासून 'थोर चित्रपट' या मालेत ड्रायर, ओझू, ब्रेसाँ, राय यांच्यावर नियमितपणे दीर्घ लेख लिहिले, हे टवाळी करणाऱ्यांच्या लक्षात राहिलेले दिसत नाही.

जोनाथन रोझेनबॉम (जन्म 1943) 1987 ते 2008 या काळात 'शिकागो रीडर' या विनामूल्य वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकाचे समीक्षक होते. अलाबामा राज्यातील फ्लॉरेन्स या गावी त्यांच्या घराण्याची चित्रपटगृहे होती आणि त्यांचे बालपण त्या पडद्यांसमोर गेले. पुढे पॅरिस आणि लंडन येथे काही वर्षे काढून ते अमेरिकेत परतले. अमेरिकी प्रेक्षकाला कोणते चित्रपट पाहायला मिळतात हे त्याची अभिरुची ठरवत नसून वितरक आणि त्यांच्या तालावर चालणारी प्रसारमाध्यमे ठरवतात, अशी त्यांची ठाम भूमिका आहे. 2000 मधील 'मूव्ही वॉर्स' हे पुस्तक त्यांनी तिच्यासाठीच लिहिले. एकाच शहरात, पुष्कळदा एकाच आठवड्यात, एकाच चित्रपटावर हे दोघे लिहीत आणि परस्परांविषयी आदर बाळगून लिहीत. म्हणूनच त्यांच्यातील मतभेद व्यक्तिगत हेव्यादाव्यात विरून जात नाही.

हा मतभेद सर्वांत स्पष्टपणे प्रकट झाला तो अब्बास किआरोस्तामी यांच्या 'टेस्ट ऑफ चेरी' या इराणी चित्रपटाच्या निमित्ताने. 1997 च्या कान महोत्सवात या चित्रपटाला शोहेई इमामुरा यांच्या 'द ईल' बरोबर सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. अमेरिकेत तो पुढील वर्षी प्रदर्शित झाला. कथानक दोन वाक्यांत सांगता येते. बादी नावाचा मध्यमवयीन गृहस्थ तेहरानच्या सीमेवरील उजाड, खणलेल्या टेकड्यांमधून मोटार चालवत एका माणसाच्या शोधात आहे. तो आत्महत्या करणार असून स्वतःसाठी खणून ठेवलेल्या खड्ड्यात झोपणार आहे. सकाळी येऊन, तो मेला असल्यास त्याच्यावर वीस फावडी माती टाकील असा कोणीतरी त्याला हवा आहे.

मोटारीत क्रमाने तिघे बसतात. कोवळ्या वयाचा कुर्द सैनिक घाबरून पळून जातो. अफगाण धर्मविद्यार्थी धर्माज्ञेचा आधार घेऊन नकार देतो. तिसरा, प्राण्यांत पेंढा भरण्याचे काम करणारा वृद्ध तुर्की भाषक, आजारी मुलाच्या उपचारांसाठी पैसे हवे असल्यामुळे होकार देतो. मात्र देताना आपली एक आठवण सांगतो. तोही एकदा पहाटे दोर घेऊन तुतीच्या झाडावर चढला होता. हाताला तुती लागल्या, त्याने एक खाल्ली, मग दुसरी, आणि घरी परतताना बायकोसाठी काही घेऊन आला. बादीला मरायचे का आहे, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. रात्री तो खड्ड्यात झोपतो, विजा चमकतात, पडदा काळा होतो आणि काळाच राहतो. त्यानंतर अचानक व्हिडिओवर टिपलेली धूसर, हिरवीगार दृश्ये येतात : स्वतः किआरोस्तामी, त्यांचे तंत्रज्ञ, विश्रांती घेणारे सैनिक, आणि सिगारेट पेटवून दिग्दर्शकाच्या हाती देणारा बादीचा नट. पार्श्वभूमीला लुई आर्मस्ट्राँग यांचे तुतारीवादन ऐकू येते.

एबर्ट यांनी या चित्रपटाला चारपैकी एक तारा दिला. तारा बाजूला ठेवून परीक्षण वाचले तर त्यातील युक्तिवाद उथळ नाही, हे कबूल करावे लागते. चित्रपट संथ आहे म्हणून आपण चिडलो, असे त्यांनी म्हटलेले नाही. उलट मंगोलियातील भटक्या लोकांवरील उल्रिके ओटिंगर यांचा सुमारे आठ तासांचा 'टैगा' हा माहितीपट आपण प्रेमाने आठवतो, असे त्यांनी मुद्दाम नमूद केले आहे. त्यांचा आक्षेप तिहेरी आहे. बादीविषयी प्रेक्षकाला काही वाटावे अशी अपेक्षा असेल, तर त्याच्याविषयी काहीतरी कळायला नको काय? ही शैली विषयातून उगवलेली नसून विषयावर लादलेली आहे. आणि शेवटची व्हिडिओ-दृश्ये म्हणजे 'तुम्ही चित्रपट पाहत आहात' याची आता कंटाळवाणी झालेली आठवण होय. याखेरीज एक मार्मिक वाक्य त्यात आहे, त्याचा आशय असा : या चित्रपटाची बाजू मांडता येईल, पण त्यासाठी तो पाहण्याच्या कंटाळवाण्या अनुभवाचे रूपांतर जीवनमरणाविषयीच्या एखाद्या अधिक रोचक बोधकथेत करावे लागेल. कानमध्ये गौरवलेला हा राजा वस्त्रहीन आहे, असेही त्यांनी म्हणून टाकले.

हा शेवटचा मुद्दा केवळ या एका चित्रपटापुरता नाही. चित्रपट पाहताना जे घडले त्यावर निर्णय द्यायचा, की पाहून झाल्यावर मनात जे घडत राहिले त्यावर? दैनिकाच्या समीक्षकाला दुसऱ्या पर्यायाची सवड क्वचितच मिळते. रोझेनबॉम यांचे उत्तर मात्र नेमके त्याच दिशेचे आहे. त्यांनी आपल्या लेखाला 'रिकाम्या जागा भरा' या अर्थाचे, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेची आठवण करून देणारे शीर्षक दिले. किआरोस्तामींच्या चित्रपटांतील गाळलेल्या गोष्टी ही उणीव नसून ते प्रेक्षकाकडे सोपवलेले काम आहे, अशी त्यांची मांडणी आहे. 2003 मध्ये इराणी-अमेरिकन दिग्दर्शिका मेहरनाझ सईद-वफा यांच्यासह त्यांनी किआरोस्तामींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते प्रसिद्ध केले इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने, म्हणजे एबर्ट यांच्याच मातृसंस्थेने.

चित्रपटाची रचना तपासली असता रोझेनबॉम यांच्या बाजूला मोठा आधार मिळतो. मोटारीतील संभाषणांत बादी आणि त्याचा सहप्रवासी एकाच चौकटीत जवळजवळ दिसत नाहीत. कारण चित्रीकरणाच्या वेळी ते नट एकमेकांशेजारी बसलेलेच नव्हते. बादी बोलत असताना शेजारच्या आसनावर किआरोस्तामी बसत, सैनिक किंवा विद्यार्थी बोलत असताना चालकाच्या जागी तेच बसत. ज्या माणसाला अखेरचा सोबती हवा आहे त्याच्या संपूर्ण कथेत दोन माणसे खऱ्या अर्थाने एकत्र येत नाहीत. ती येतात ती केवळ त्या व्हिडिओ-दृश्यांत, जिथे एकाची सिगारेट दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणजे शेवट ही वरून चिकटवलेली क्लृप्ती नाही. आधीच्या नव्वद मिनिटांत जे रोखून धरले होते ते तिथे मोकळे होते. शैली विषयावर लादलेली आहे हा एबर्ट यांचा आक्षेप येथे टिकत नाही.

पण त्यांचा पहिला आक्षेप इतक्या सहजपणे निकालात निघत नाही. एबर्ट यांची चित्रपटविषयक धारणा समानुभूतीवर उभी होती. चित्रपट हे समानुभूती निर्माण करणारे यंत्र आहे, असे त्यांनी 2005 मध्ये एका सत्कारप्रसंगी म्हटले, आणि ही त्यांची आयुष्यभराची कसोटी होती. दुसऱ्या माणसाच्या आयुष्यात काही काळ राहता आले पाहिजे. त्यासाठी तो माणूस 'कोणीतरी' असला पाहिजे. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर साधारणीकरण व्हायला आधी विशेष असावा लागतो. दुष्यंत हा आधी दुष्यंत असतो, मग त्याची रती प्रेक्षकाची होते. बादीला मात्र पूर्वेतिहास नाही, कुटुंब नाही, दुःखाचे कारण नाही. येथे साधारणीकरण प्रेक्षकाच्या अनुभवातून होण्याऐवजी दिग्दर्शकाने आधीच उरकून टाकले आहे, अशी तक्रार कोणी केली तर तिला केवळ अरसिकता म्हणून उडवून लावता येणार नाही.

ही कसोटी एबर्ट यांनी सर्वत्र सारखीच लावली काय, हे पाहण्यासाठी इंगमार बर्गमन यांच्या 'पर्सोना' (1966) या चित्रपटाकडे वळणे उपयुक्त ठरते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, 1967 मध्ये, एबर्ट यांच्यासमोर हा चित्रपट आला. तो आपल्याला नीट उमगला नाही, पण सोडवतही नाही, असा अनुभव त्यांनी पुढे सांगितला आणि 2001 मध्ये 'थोर चित्रपट' मालेत त्याचा समावेश केला. आता 'पर्सोना'त काय आहे? प्रारंभी प्रक्षेपकाचा दिवा पेटतो आणि फीत धावू लागते. मध्यावर फीत जणू फाटते, जळते आणि चित्रपट पुन्हा आरंभापासून जुळवाजुळव करू लागतो. अखेरीस क्षणभर कॅमेरा आणि त्यामागची माणसेही दिसतात. बोलणे सोडून दिलेली अभिनेत्री एलिझाबेथ गप्प का झाली, याचेही निर्णायक कारण दिले जात नाही. म्हणजे 'टेस्ट ऑफ चेरी'वर घेतलेले तीनपैकी दोन आक्षेप, गाळलेले कारण आणि 'हा चित्रपट आहे' ही आठवण, 'पर्सोना'वरही तंतोतंत घेता आले असते. एबर्ट यांनी ते घेतले नाहीत.

याला विसंगती म्हणणे सोपे आहे. वास्तविक येथे त्यांची कसोटी अधिक स्पष्ट होते. 'पर्सोना'त लिव उलमन आणि बीबी आंदरसन यांचे चेहरे प्रेक्षकाच्या इतके निकट येतात, परिचारिका आल्मा समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या दुपारची कबुली अशा तपशिलाने देते, की फीत जळते तेव्हा प्रेक्षकाचे काहीतरी खरोखर तुटते. बादीचा चेहरा मुख्यतः एका बाजूने, काचेआड, रस्त्याकडे लागलेला दिसतो. एबर्ट यांना जवळ नेणारा चेहरा हवा होता; तो मिळाला की पुढची कोणतीही मोडतोड त्यांना मान्य होती. रोझेनबॉम यांना चेहऱ्यापेक्षा अंतर महत्त्वाचे वाटत होते, कारण त्या अंतरात तेहरानच्या टेकड्या, मजूर, सैनिक, निर्वासित आणि खुद्द प्रेक्षक मावतो. दोन्ही भूमिका चित्रपटाच्या स्वरूपाविषयीच्या आहेत; एका चित्रपटाच्या तारांकनात त्या मावणाऱ्या नव्हत्या.

पुढे दोघांच्या भूमिकांची अदलाबदल झाली. 30 जुलै 2007 रोजी बर्गमन आणि मिकेलअँजेलो अंतोनिओनी यांचे एकाच दिवशी निधन झाले. पाचच दिवसांनी, 4 ऑगस्टला, 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या मतपृष्ठावर रोझेनबॉम यांचा बर्गमन यांच्या कीर्तीचा पुनर्विचार करणारा लेख आला. शीर्षकातच ही कीर्ती अवास्तव ठरवलेली होती. बर्गमन यांची प्रतिभा मूलतः रंगभूमीची. ड्रायर किंवा ब्रेसाँ यांनी प्रेक्षकाच्या सवयींना जसा धक्का दिला तसा बर्गमन यांनी दिला नाही. आणि हिचकॉक, वेल्स किंवा गोदार यांच्या तुलनेत ते आज अभ्यासक्रमात कमी शिकवले जातात, असा त्याचा रोख होता. काही दिवसांतच एबर्ट यांनी त्याला प्रत्युत्तर दिले. रोझेनबॉम यांच्याविषयीचा आदर व्यक्त करूनच त्यांनी म्हटले की हा लेख बर्गमन यांच्यापेक्षा रोझेनबॉम यांच्या शैलीविषयक टोकाच्या आवडीबद्दलच अधिक सांगतो. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनीही या वादात भाग घेतला.

दहा वर्षांपूर्वी कानच्या राजाला वस्त्रहीन म्हणणारे एबर्ट आता सिंहासनाची राखण करीत होते आणि रोझेनबॉम वस्त्रे तपासत होते. तरी दोन्ही लेखनांत एक फरक आहे आणि तो रोझेनबॉम यांच्या बाजूने जात नाही. 'टेस्ट ऑफ चेरी'चे एबर्टकृत परीक्षण वाचल्यावर चित्रपट डोळ्यांसमोर उभा राहतो. वाचकाला परीक्षकाशी असहमत होण्यासाठी लागणारी सामग्री त्याच परीक्षणात सापडते. बर्गमनवरील लेखात, कदाचित मतपृष्ठाच्या मर्यादित जागेमुळे, चित्रपटांचे वर्णन फार थोडे आणि प्रतिष्ठेच्या चढउताराची चर्चा फार आहे. अभ्यासक्रमात किती शिकवले जाते ही कलाकृतीच्या मूल्याची कसोटी होऊ शकत नाही. वितरकांची निवड म्हणजे अभिरुची नव्हे, असे सांगणाऱ्या समीक्षकाने तरी ती वापरायला नको होती. विद्यापीठांची निवडदेखील एक प्रकारचे वितरणच असते. 'टेस्ट ऑफ चेरी'वर लिहिताना चौकट अन् चौकट तोलणारा हा समीक्षक येथे आपल्या सर्वोत्तम पातळीवर नाही.

निर्णय बदलण्याच्या बाबतीत एबर्ट यांचा स्वभाव मोकळा होता. 2003 मध्ये कान येथे व्हिन्सेंट गॅलो यांचा 'द ब्राऊन बनी' पाहून त्यांनी त्याला महोत्सवाच्या इतिहासातील सर्वांत वाईट चित्रपट ठरवले. त्यावरून दोघांत जी वर्तमानपत्री भांडणे झाली ती पुष्कळांच्या स्मरणात आहेत. ती येथे सांगण्याची आवश्यकता नाही. महत्त्वाचे ते पुढचे. गॅलो यांनी सुमारे सव्वीस मिनिटे कापून चित्रपट पुन्हा संकलित केला, आणि 2004 मध्ये एबर्ट यांनी या नव्या आवृत्तीला तीन तारे दिले. कापलेल्या भागामुळे उरलेल्या भागाचा अर्थ कसा बदलला, याचे त्यांनी केलेले विवेचन हा संकलनकलेवरचा एक छोटा पाठच आहे. मिखाएल हानेके यांच्या 'काशे' (2005) वर त्यांनी प्रदर्शनाच्या वेळी गौरवपर लिहिले. 2010 मध्ये पुन्हा लिहिताना आधी नजरेतून निसटलेल्या एका दृश्याकडे, चित्रपटातील मिनिटे-सेकंदांसह, वाचकांचे लक्ष वेधले. एकदा नीट पाहिले नव्हते हे लपवण्याची गरज त्यांना वाटली नाही. डेव्हिड लिंच यांच्या 'ब्लू व्हेल्व्हेट'ला 1986 मध्ये त्यांनी एकच तारा दिला होता. अभिनेत्रीला ज्या अपमानास्पद प्रसंगांतून नेले गेले त्याची किंमत चित्रपटाने विनोदात फेडली, हा त्यांचा आक्षेप नैतिक होता. तोच समीक्षक 2001 मध्ये लिंच यांच्या 'मलहॉलंड ड्राइव्ह'समोर नतमस्तक झाला. मात्र पहिला आक्षेप चुकीचा होता असे यावरून सिद्ध होत नाही, आणि अनेकांना तो आजही योग्य वाटतो.

किआरोस्तामी यांच्याशी मात्र एबर्ट यांचे सूर जुळायला वेळ लागला. मोटारीच्या पुढील भागात बसवलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांनी चित्रित केलेल्या 'टेन' (2002) ला त्यांनी दोन तारे दिले. असा चित्रपट मोटार, दोन कॅमेरे आणि नट असले की कोणालाही काढता येईल, असा त्यांचा शेरा होता. (करून पाहणाऱ्यांच्या लक्षात आले असेल की तसे नाही.) किआरोस्तामींनी इराणबाहेर, इटलीच्या टस्कनी भागात काढलेला 'सर्टिफाइड कॉपी' (2010) पाहिल्यावर त्यांचा सूर बदलला. या चित्रपटातील स्त्री-पुरुष आजच भेटलेले अनोळखी आहेत की पंधरा वर्षे संसार केलेले दांपत्य, हे कळत नाही, म्हणजे येथेही मुख्य माहिती गाळलेलीच आहे. एबर्ट यांनी चित्रपटाचे कौतुक केले, आणि विशेष म्हणजे चौकटीबाहेरचा अवकाश जिवंत करण्याच्या दिग्दर्शकाच्या हातोटीचा मुद्दाम उल्लेख केला. 'टेस्ट ऑफ चेरी'त चौकटीबाहेरच्या आसनावर बसून हाच दिग्दर्शक नटांशी बोलत होता. फरक इतकाच की येथे ज्युलिएट बिनॉश यांचा चेहरा सरळ कॅमेऱ्यासमोर होता. एबर्ट यांनी आपली कसोटी सोडली नव्हती. किआरोस्तामी तिच्या टप्प्यात आले होते. 'टेस्ट ऑफ चेरी'विषयीचे मत मात्र त्यांनी मागे घेतले नाही.

एबर्ट 2013 मध्ये आणि किआरोस्तामी 2016 मध्ये निवर्तले. ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' या नियतकालिकाने दर दहा वर्षांनी घेतल्या जाणाऱ्या आपल्या समीक्षक-मतदानाचा निकाल 2022 मध्ये जाहीर केला, तेव्हा किआरोस्तामींचा 'क्लोज-अप' (1990) सतराव्या क्रमांकावर होता. त्याच्या लगोलग, अठराव्या क्रमांकावर, 'पर्सोना'.